फोन, टॅब आणि शाळेचा जमाखर्च: पालकांचे नेहमीचे प्रश्न

जून उजाडला की पालकसभेत तेच प्रश्न नव्याने येतात. दरवेळी तोंडी सांगायचं आणि घरी जाईपर्यंत त्याचं भलतंच काहीतरी व्हायचं, म्हणून यंदा लिहूनच काढलं. आमची शाळा बेळगाव तालुक्यातली, मार्कंडेय नदीच्या अंगाला, सरकारी मराठी, पहिली ते सातवी. पट ८६. गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. खानापुरापासून निपाणीपर्यंत कुठल्याही मराठी शाळेच्या सभेत सतरंजीवर जाऊन बसा, हेच ऐकायला मिळेल.

मी शाळा सुधारणा समितीत पालक म्हणून आहे. दिवसा उद्यमबागेत लेथवर असतो. अक्षर बरं आहे म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली. त्यामुळे खाली जिथे चिडचिड दिसेल ती माझी समजा, समितीची नव्हे.

शाळा सुधारणा समिती म्हणजे नेमकं कोण? पैसे तुमच्याच हातात असतात ना?

कर्नाटकात २००१ पासून प्रत्येक सरकारी शाळेला ही समिती आहे. कागदावर एसडीएमसी, गावात 'कमिटी'. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या २१ व्या कलमाने अशा समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात असं ठरवलं. आमच्याकडे बायका आहेत, आणि खरं सांगायचं तर सभेला वेळेवर त्याच येतात.

पैशाचं म्हणाल तर शिक्षकांचा पगार आमच्याकडून जात नाही. पुस्तकं, गणवेश, बूट-मोजे, दूध आणि अक्षरदासोहचा माध्यान्ह आहार यांची व्यवस्था वेगळी आहे. त्यातला एक रुपयाही इकडचा तिकडे करता येत नाही. तेव्हा "अंड्याचे पैसे वाचवून नेट घ्या" हा सल्ला कृपा करून पुन्हा देऊ नका. आमच्या हातात राहतं ते वार्षिक शाळा अनुदान आणि गावातून, माजी विद्यार्थ्यांकडून येणारी मदत.

मग ते अनुदान आहे तरी किती?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक गप्प होतात.

समग्र शिक्षा योजनेत शाळेचं अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत मुलं असली तर वर्षाला १०,००० रुपये. ३१ ते १०० असली तर २५,०००. १०१ ते २५० ला ५०,०००, त्यापुढे १,००० पर्यंत ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख. आमचा पट ८६, म्हणजे आम्ही २५,००० वाले. आणखी १५ मुलं आली तर अनुदान थेट दुप्पट. उलट, जंगलाकडच्या एखाद्या शाळेत ३१ ची ३० झाली की पंधरा हजार गेले. एक मूल गेलं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही. या आकड्यांची मांडणी ज्याने केली त्याने पटाचा विचार केला, पावसाचा केला नाही.

या २५,००० पैकी किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. राहिले साडेबावीस हजार. आता वहीचं एक पान उघडून सांगतो. जूनच्या आधी कौलं परतून घ्यावी लागतात, कारण उन्हाळ्यात वानरं छपरावरून नाचतात आणि फुटलेल्या कौलांचा पत्ता पहिल्या सरीलाच लागतो. कौलं आणि दोन दिवसांची मजुरी यात मोठा लचका जातो. मग हजेरीपत्रकं, खडू, कागद, प्रिंटरची शाई, नळाच्या तोट्या (या दरवर्षी कोण नेतो हा स्वतंत्र विषय आहे), नली-कलीची (लहान वर्गांच्या खेळत शिकण्याच्या पद्धतीची) फाटलेली कार्डं नव्याने छापून घेणं, पाण्याच्या टाकीचं झाकण. दिवाळीनंतर वहीत जे उरतं त्यात एक बरा टॅबसुद्धा येत नाही. शिवाय पैसे हप्त्याने येतात. शेवटचा हप्ता मार्चच्या तोंडावर आला तर तो घाईने खर्च करायचा नाहीतर परत जाताना बघायचा.

सरकारी अनुदान एवढंच, तर मोठा स्मार्ट टीव्ही कुठून आला? आणि तो बंद का असतो?

एका दात्याने दिला. मनापासून दिला, फोटो काढला, नारळ फोडला, पोरांना पेढे वाटले. त्याबद्दल आम्ही आभारीच आहोत. पण टीव्हीबरोबर नेटचं कनेक्शन आलं नाही, इन्व्हर्टर आला नाही आणि वॉरंटी संपल्यावर बोलवायचा माणूसही आला नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज टिकत नाही हे हेस्कॉमवाल्यांना नव्याने सांगायला नको. वळवाच्या पहिल्या वाऱ्याला गेलेली वीज संध्याकाळी आली तर नशीब. सरकारी शाळांना वीज मोफत देण्याचं सरकारने जाहीर केल्यापासून बिलाची काळजी कमी झाली, पण नसलेली वीज मोफत मिळून काय करायचं? इन्व्हर्टरला बॅटरी लागते, बऱ्यापैकी बॅटरी बारा-पंधरा हजारांच्या आत येत नाही आणि चार-पाच वर्षांत ती बदलावी लागते. नेटसाठी शाळेच्या फोनवर २८ दिवसांचं रिचार्ज मारलं तर वर्षात १३ वेळा मारावं लागतं. महिना ३० दिवसांचा असतो हे त्या कंपन्यांना कुणीतरी शिकवायला हवं, पण तो आमच्या समितीचा विषय नाही.

तर गेल्या वर्षी असं झालं: टीव्ही जुलैत बंद पडला. दुरुस्तीला माणूस शहरातून यायचा, येण्याचेच पैसे मागत होता. सप्टेंबरपर्यंत टीव्हीवर चादर होती. खंडेनवमीला पाटीपूजन झालं तेव्हा मुलांनी पाट्यांबरोबर टीव्हीलाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, ह्यो देव कधी बोलणार?" सगळे हसले. मलाही हसू आलं, पण वहीत त्या पानावर मी अजून काही लिहू शकलेलो नाही.

हा गोंधळ आमच्या एकट्याचा नाही. समग्र शिक्षाच्या नियमांतच बघा. संगणक कक्षासाठी एकदाच मिळणारी रक्कम ६ लाख ४० हजारांपर्यंत, आणि तो चालवायला वर्षाला २ लाख ४० हजारांपर्यंत, पाच वर्षं. गुणाकार केला तर चालवण्याचे १२ लाख होतात. म्हणजे वस्तू घेण्यापेक्षा ती पाच वर्षं जिवंत ठेवायला जवळपास दुप्पट लागतात, हे सरकारलाही मान्य आहे. पण हे पैसे सगळ्याच शाळांना मिळत नाहीत, आणि दान म्हणून आलेल्या वस्तूबरोबर तर चालवण्याचा खर्च कधीच येत नाही.

त्यामुळे समितीने ठराव केला आहे: यापुढे कुणीही यंत्र द्यायला आलं तर आधी दोन वर्षांच्या दुरुस्तीचं आणि नेटचं काय, हे विचारायचं. एकाला हे विचारलं तर तो नाराज होऊन गेला. गावात आमचं नाव झालं, "दान नाकारणारी कमिटी". चालेल.

मुलाने शाळेत फोन आणला तर चालेल का?

नाही. सातवीपर्यंतच्या मुलाला शाळेत फोनचं काही काम नसतं. निरोप द्यायचा असेल तर हेडमास्तरांच्या फोनवर द्या.

सवलत एकच. पलीकडच्या वाडीतून बसने येणाऱ्या मुलींपैकी कुणाच्या घरच्यांना काळजी वाटत असेल तर बटणाचा साधा फोन देता येईल. तो सकाळी ऑफिसात ठेवायचा, शाळा सुटली की न्यायचा. संध्याकाळची बस कधी येईल ते बसलाच ठाऊक असतं, म्हणून ही सवलत.

फोन सापडला तर जप्त करणार? दंड घेणार?

फोन ऑफिसात ठेवला जाईल आणि त्याच दिवशी पालकांच्या हातात दिला जाईल. दंड नाही. फोन उघडून बघायचा नाही, गॅलरी, मेसेज काहीही नाही, हे शिक्षकांनाही लेखी दिलं आहे. पोराला वर्गासमोर उभं करून लाजवायचंही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद आहे. काही पालक म्हणतात, "दोन ठेवून द्या, आमची हरकत नाही." तुमची नसेल, कायद्याची आहे.

सगळीकडे अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो. आपल्या शाळेत का नाही?

यावर समितीत दोन सभा भांडण झालं, म्हणून जरा सविस्तर.

२०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही हा प्रयोग करून बघितलेला आहे. फोनवर अभ्यास पाठवला तर निम्म्या घरांत तो पोचलाच नाही. पुढे विद्यागम सुरू झालं, शिक्षक स्वतः गल्लोगल्ली आले आणि मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली, पडवीत पोरांना घेऊन बसले. ती योजना त्याच वर्षी मध्येच थांबली. पण त्या काही आठवड्यांत पोरं जेवढं शिकली तेवढं फोनवर शिकली नाहीत, हे माझ्या घरातलं सांगतो.

मागच्या सभेत आम्ही हात वर करायला सांगितले. घरात स्मार्टफोन आहे? जवळपास सगळे हात वर. दिवसा तो घरात असतो? निम्मे खाली. संध्याकाळी सहा ते आठ मुलाच्या हातात असतो, आणि त्यात डेटा असतो? मोजकेच राहिले. कारण उघड आहे. फोन बापाचा. बाप पहिल्या पाळीला फौंड्रीत गेला की फोनही गेला. कुणी गोव्याला बांधकामावर, फोन पंधरा दिवस गोव्यात. आईकडे फोन असला तर रिचार्ज सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० जमा झाल्यावर. आणि एका घरात एक फोन, शिकणारी तीन पोरं असली तर पहिला नंबर कुणाचा लागतो? थोरल्या मुलाचा. चौथीतली पोरगी शेवटी. हे कुणी ठरवून करत नाही, पण होतं तसंच.

म्हणून नियम असा: फोनशिवाय पुरा होणार नाही असा कुठलाही गृहपाठ आमच्या शाळेत दिला जाणार नाही. ग्रुपवर फक्त सूचना येतील, त्याही रात्री आठच्या आत. त्याच सूचना फळ्यावर आणि मुलांच्या वहीतही असतील. ग्रुपवर सुप्रभात, लग्नाची पत्रिका आणि निवडणुकीचा प्रचार टाकू नका, ही विनंती पाचव्यांदा.

"अभ्यास करायलोय म्हणतंय आणि गेम खेळायलंय." काय करावं?

हे वाक्य जसंच्या तसं एका आजीचं आहे. त्यांचं निरीक्षण देशभरच्या पाहणीशी जुळतं. असरच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला असं सांगणारे साधारण ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरला असं सांगणारे ७६ टक्के.

समितीकडे जादूची कांडी नाही. शाळेत आम्ही नियम करू, घरात तुम्हीच करायचा. मी माझ्या घरी जेवताना फोन पिठाच्या डब्यावर ठेवायचा असं केलं, त्यात माझाही फोन आला. पहिले आठ दिवस मलाच जास्त जड गेले.

शहरातल्या इंग्रजी शाळेत प्रत्येकाच्या हातात टॅब आहे. आपण मागे पडत नाही का?

हा प्रश्न टॅबचा कमी आणि पटाचा जास्त आहे. पिवळी गाडी गल्लीत येऊन उभी राहते, टाय लावलेली पोरं बसतात आणि आपल्याला वाटतं आपलं पोर राहिलं. पूर्वी शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांतून काही जण खासगी शाळेत फुकट जात. २०१९ पासून कर्नाटकाने नियम बदलला, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या जागा मिळत नाहीत. आता जातात ते फी भरून, काही जण कर्ज काढूनही. त्याच वर्षी सरकारने हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले.

मुलं अशी जात राहून पट खालच्या टप्प्यात गेला की अनुदानाचा वर सांगितलेला आकडा खाली सरकतो आणि उरलेल्यांच्या वाट्याला कमी येतं. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा दर काही वर्षांनी उठतेच.

तरी विचारलंच आहे तर सांगतो. प्रत्येकाला टॅब ही चैन श्रीमंत देशही आता तपासून बघायला लागलेत. फ्रान्सने २०१८ मध्येच शाळेत फोन बंद केला. स्वीडनने २०२३ पासून पुन्हा छापील पुस्तकांवर पैसे घालायला घेतले. युनेस्कोने त्याच वर्षी अहवाल काढून विचारलं की यंत्र शाळेत कुणाच्या अटींवर येतंय. आमचं म्हणणं एवढंच की वर्गाला एक चालू टीव्ही आणि शिक्षकाकडे एक चालू टॅब पुरे. पाचवीच्या पोरांना ग्रहण टीव्हीवर दाखवलं तेव्हा डोळे विस्फारले होते, ते मी पाहिलंय. पण त्याआधी सरांनी चेंडू, लिंबू आणि बॅटरी घेऊन अंधारात तेच दाखवलं होतं. पोरांना लिंबूच लक्षात आहे.

टीव्ही चालू झाला तर शिक्षक कमी असले तरी भागेल ना?

नाही, आणि हे बोलणं वर ऑफिसपर्यंत जाऊ देऊ नका. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, असं शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे. जागा रिकामी असली की अतिथी शिक्षक मिळतात, पण मराठी शिकवणारे मिळायला वेळ लागतो. आम्ही यंदा शिक्षकाच्या मागणीसाठी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात चार फेऱ्या मारल्या. टीव्हीच्या दुरुस्तीसाठी एकही नाही. ज्यांना हे उलटं वाटतं त्यांनी एक दिवस बिनशिक्षकाच्या तिसरीच्या वर्गात बसून बघावं. व्हिडिओ चालू असतो आणि मागच्या बाकड्यावर मारामारी.

परिपत्रकं कन्नडमध्ये, ॲप इंग्रजीत. मराठी पालकाने काय करायचं?

खरी अडचण. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण या राज्यात आलो तेव्हापासूनची, फक्त आता ती फोनच्या पडद्यावर आली. त्याच साली घटनेत ३५०-अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. त्यामुळेच कर्नाटक सरकार मराठी माध्यमाची पुस्तकं छापतं. पण पुस्तक मराठीत आणि त्याच पुस्तकाबद्दलचा आदेश कन्नडमध्ये, हे चालूच आहे. मराठीतून परिपत्रकं मिळावीत ही मागणी आम्हीही प्रत्येक अर्जात लिहितो.

तोवर कामचलाऊ उपाय: हेडमास्तर परिपत्रकाचा सारांश मराठीत सांगून ग्रुपवर आवाजी निरोप टाकतात. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप वापरायला हरकत नाही, पण तारीख आणि रक्कम दोनदा बघा. नुसत्या ॲपवरच नव्हे, कानावरही भरवसा नको. एकदा ऑफिसच्या फोनवरून 'पोषकर सभे' असा निरोप आला. एका बाईंनी तो ऐकला आणि पोषण आहाराची सभा म्हणून घरी बसल्या, म्हणाल्या आहाराचं बघायला दुसऱ्या आहेत. कन्नडमध्ये पोषक म्हणजे पालक. सभा त्यांचीच होती.

आणि पोरांना कन्नड नीट शिकू द्या. २०१५ च्या कायद्याने ते शाळेत सक्तीचं आहेच, पण त्याही पलीकडे, उद्या बसवर, बँकेत, तहसीलदार कचेरीत त्यांना ते लागणार. मराठी टिकवायची तर मराठी शाळा टिकवा. कन्नड न येणं म्हणजे मराठीवर प्रेम, असं आमच्या समितीला वाटत नाही. यावर दोघांचं मत वेगळं आहे, त्यांचीही नोंद वहीत आहे.

मुलांची माहिती एवढ्या ठिकाणी का मागतात? फोटोचं काय?

पटाची आणि निकालाची नोंद एसएटीएस या राज्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या प्रणालीवर होते, ती टाळता येत नाही. अपार ओळखपत्रासाठी (विद्यार्थ्याचा देशभर एकच क्रमांक) मात्र पालकांची संमती लागते. कागद वाचल्याशिवाय सही करू नका, वाचता येत नसेल तर वाचून घ्या.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी, असं म्हटलं आहे. तो आला म्हणून आम्ही आमच्याही सवयी तपासल्या. गुणांची यादी ग्रुपवर टाकायचो, ती बंद केली. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे आधारसकट फोटो ग्रुपवर फिरायचे, तेही बंद. स्नेहसंमेलनाचे फोटो शाळा एकदाच टाकेल, नावं न लिहिता. दुसऱ्याच्या मुलीचा नाचाचा व्हिडिओ आपल्या स्टेटसला लावताना तिच्या आईला विचारा.

कुणी मुलाला फोनवरून त्रास देत असेल तर १०९८ वर, पैशाची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा. मग आम्हाला सांगा.

मुलं निबंध एआयकडून लिहून आणतात म्हणे?

सातवीत एकदा झालं. 'माझे गाव' या निबंधात आमच्या गावाला समुद्रकिनारा, नारळीच्या बागा आणि कोळीवाडा आला होता. बाई पोराला काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "चल, मला तुझा समुद्र दाखव." दोघं तळ्यापर्यंत जाऊन आले. दुसरा निबंध त्याने म्हशीवर लिहिला, आणि तो झकास होता.

चॅटजीपीटीच्या स्वतःच्याच नियमात वापरणारा किमान १३ वर्षांचा हवा, आणि १८ च्या आत पालकांची परवानगी हवी. आपली बहुतेक पोरं १३ च्या आतली. शिक्षकांनी प्रश्नपत्रिका तयार करायला वापरलं तर आमची हरकत नाही, फक्त उत्तरं स्वतः तपासावीत.

वर्गणी सक्तीची आहे का?

नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पालकांकडून महिन्याला १०० रुपये ऐच्छिक देणगी घ्यायला समित्यांना मुभा देणारं परिपत्रक निघालं होतं. ओरड झाली आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं गेलं. शिक्षण मोफत आहे. दिलंत तर पावती घ्या, नाही दिलंत तर मुलाला कुणी काही विचारणार नाही. कुणी विचारलं तर माझ्याकडे या.

आमच्या वाडीत नेटवर्कच येत नाही. आमच्या मुलांचं काय?

तुमच्यामुळेच वरचा गृहपाठाचा नियम आहे. कणकुंबीकडे, भीमगडच्या जंगलातल्या गावांत तर याहून वाईट. सीमेला लागून असलेल्या घरांत फोन कधी पलीकडचा टॉवर पकडतो, मग 'महाराष्ट्रात आपले स्वागत' असा निरोप येतो. निदान फोन तरी तिकडे जाऊन येतो.

महाराष्ट्र सरकारकडून शाळेला मदत मागता येईल का?

सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या लोकांसाठी महाराष्ट्राने आरोग्य योजना लागू केली, ती माणसांसाठी आहे. आपली शाळा कर्नाटकच्या शिक्षण खात्याची, तिचं खातं आणि तपासणीही इथलीच. तेव्हा अनुदान आणि शिक्षक इथूनच हक्काने मागायचे. पुण्या-मुंबईच्या कुणी पुस्तकं पाठवली तर आनंदाने घेऊ. एक सांगा मात्र, गोष्टीची पाठवा, पाठ्यपुस्तकं नकोत. दोन्ही राज्यांचा अभ्यासक्रम वेगळा आहे आणि कपाटात जागा नाही.

जुना फोन किंवा टॅब शाळेला द्यायचा आहे. कुणाला भेटायचं?

शनिवारी शाळा सुटल्यावर ऑफिसात या, मी असतो. चार्जर बरोबर आणा, स्वतःचे फोटो आणि पासवर्ड काढून आणा. आम्ही तिथेच अर्धा तास चालवून बघू, मगच पावती देऊ. बॅटरी फुगलेली असेल तर परत न्यावी लागेल. मागच्या वेळी तसे तीन फोन ठेवून घेतले, ते अजून खडूच्या खोक्यात आहेत.